बर्फातले खेडे : एका जलरंगचित्राच्या वाचनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवलेल्या एका दिवंगत शिक्षकांच्या चित्रांचे छोटे प्रदर्शन भरवावे, असे त्यांच्या कुटुंबीयांनी आणि काही माजी विद्यार्थ्यांनी ठरवले. संबंधितांची ओळख उघड होऊ नये म्हणून या लेखात त्यांचा उल्लेख केवळ ‘मास्तर’ असा केला आहे. शाळा, पेठ आणि प्रदर्शनाची जागा यांची नावेही मुद्दाम गाळली आहेत. चित्रांची निवड आणि त्यांखालील मजकूर ठरवण्यासाठी एक गट तयार झाला. त्यात मास्तरांचे चिरंजीव, त्यांची नात, आता स्वतः चित्रकार असलेले दोन माजी विद्यार्थी आणि लेबलांचा मजकूर लिहिण्यासाठी प्रस्तुत लेखक, एवढी मंडळी होती.

मास्तरांचे काम कोल्हापूरच्या जलरंग परंपरेला धरून होते. राजर्षी शाहूंच्या आश्रयाने काम केलेले आणि १९३१ साली निधन पावलेले आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ, रंकाळा असा आसपासचाच परिसर पुन्हा पुन्हा रंगवला, आणि डोळ्यांसमोरचे पाहून रंगवण्याची ती सवय या गावातील पुढच्या पिढ्यांच्याही अंगवळणी पडली. मास्तरही रविवारी मुलांना घेऊन घाटावर जात. घरात सापडलेल्या चित्रांत पंचगंगेचा घाट, पन्हाळ्याची तटबंदी, जोतिबाच्या डोंगरावर उतरलेले ढग आणि गुऱ्हाळघरे होती. या सगळ्यांत एकच चित्र वेगळे होते, आणि माजघरात बैठकीच्या समोरच्या भिंतीवर कित्येक वर्षे नेमके तेच टांगलेले होते.

चित्र

कागद पाव इंपीरियल, म्हणजे साधारण २८ बाय ३८ सेंटिमीटरचा. डाव्या कोपऱ्यातून एक वाट आत शिरते आणि वळण घेऊन एका घराकडे जाते. घराचे छप्पर तीव्र उताराचे असून त्यावर बर्फाचा जाड थर आहे, आणि धुराड्यातून निघालेला धूर सरळ वर चढतो. घराच्या अंगाला गवताची गंजी, पुढे आडव्या लाकडांचे कुंपण, मागे पाने झडलेल्या झाडांची रांग आणि त्यांच्यामागे करडे आकाश. वाटेवरून एक बाई डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन पाठमोरी चालली आहे. ती बोटाच्या पेराएवढी असून ब्रशच्या तीन-चार फटकाऱ्यांतच उभी राहिली आहे, तरी भारा तोलताना मानेला येणारा ताठपणा तिच्यात नेमका उतरला आहे.

बर्फ म्हणून जो दिसतो, तो बहुतांशी कोरा कागद आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, राखायचा असतो. छपराचा उतार, कुंपणाच्या लाकडांवरचे थर, गंजीचा माथा या जागा मास्तरांनी भोवतीचा रंग थांबवून राखल्या आहेत. झाडांच्या बारीक फांद्यांवरील बर्फ मात्र रंग वाळल्यावर ब्लेडने खरवडून काढलेला आहे. तेथे भिंगाखाली कागदाचे उचललेले तंतू दिसतात. वाटेवर चाकांच्या दोन चाकोऱ्या आहेत, आणि प्रत्येक चाकोरीच्या आतल्या बाजूला तुटक ठिपक्यांची एकेक ओळ आहे. मधला पट्टा स्वच्छ आहे. या ठिपक्यांचा विषय पुढे येईल.

प्रश्न

लेबलावर काय लिहायचे, या साध्या प्रश्नावरून मतभेद झाला. चिरंजीवांचे म्हणणे स्पष्ट होते : “बाबा काश्मीरला जाऊन आले होते. तिथं बसून काढलंय हे, आई तसंच सांगायची. काश्मीर लिहा की.” दोघा चित्रकारांपैकी ज्येष्ठ असलेल्यांचे मत निराळे पडले. धुराडे, आडव्या लाकडांचे कुंपण आणि घराची ठेवण विलायती आहे, आणि हे चित्र कुठल्या तरी छापील चित्रावरून उतरवलेले असावे, असे ते म्हणाले. ‘नक्कल’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण तो सर्वांना ऐकू आला. नातीने प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी या चित्रावर एक टिपण आधीच लिहिले होते. करड्या आकाशात आणि एकट्या पाठमोऱ्या बाईत आबांच्या, म्हणजे तिच्या आजोबांच्या, उतारवयातील एकटेपण उतरले आहे, असा त्याचा आशय होता.

म्हणजे एकाच लेबलाआड तीन वेगवेगळे प्रश्न होते : स्थळ कोणते, चित्र कशावरून काढले, आणि त्याचा भाव काय. पहिल्या बैठकीत हे तिन्ही एकमेकांत मिसळले आणि चर्चा काश्मीर की नक्कल एवढ्यावरच अडून राहिली. मधल्या काळात भाव मात्र कोणीच तपासला नाही, कारण तो सर्वांना उघड वाटत होता.

विचारात घेतलेले पर्याय

चित्र वगळणे हा सर्वांत सोपा मार्ग होता, आणि धाकट्या चित्रकारांनी तो सुचवलाही. प्रदर्शन कोल्हापूरच्या निसर्गचित्रांचे आहे, त्यात हे कशाला, असा त्यांचा सवाल होता. पण भिंतीवर इतकी वर्षे राहिलेले एकमेव चित्रच बाजूला ठेवायचे, हे कुटुंबाला पटण्यासारखे नव्हते. कुटुंबाच्या आठवणीवर विसंबून ‘काश्मीर, प्रत्यक्ष स्थळी’ असे लिहिणे हा दुसरा पर्याय होता, आणि ‘परदेशी छापील चित्रावरून’ असे लिहिणे हा तिसरा. दोन्हींत एकच अडचण होती : दोन्ही विधाने लेबलावर चढली की पक्की होतात, मग ती कशाच्या आधारावर केली हे कोणी विचारत नाही. स्थळ न सांगता चित्राचे फक्त वर्णन करावे, हा चौथा पर्याय सुरुवातीला पळवाट वाटला. प्रस्तुत लेखकाचे मत त्याच्या बाजूने होते, परंतु वर्णन करायचे तर आधी चित्र नीट पाहायला हवे, आणि ते अजून कोणी पाहिलेले नव्हते.

त्यानंतर प्रत्येकाने आपापला पुरावा मांडला. ज्येष्ठ चित्रकारांनी सावल्यांचा आधार घेतला. कुंपणाच्या एका खांबाची आडवी पडलेली फिकट सावली खांबाच्या उंचीच्या चौपट आहे, हे त्यांनी पट्टी लावून दाखवले. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी कोल्हापुरात वस्तूची सावली तिच्या उंचीपेक्षा थोडी कमीच असते. श्रीनगरला ती सुमारे दीडपट होते, आणि लंडनच्या अक्षांशावर साडेतीन पटींच्या वर जाते. त्यावरून त्यांनी इंग्लंडच्या बाजूने कौल दिला. युक्तिवाद देखणा होता, पण चित्रातील वेळ दुपारची आहे हे त्यात गृहीत धरलेले होते.

काश्मीरच्या बाजूने बाईच्या डोक्यावरचा भारा पुढे आला. काश्मिरी खेड्यांतही बायका सरपण डोक्यावरून वाहतात, पण तसे त्या भुदरगड आणि आजऱ्याच्या रानवाटांवरही वाहतात, तेव्हा त्या भाऱ्यावरून गाव ठरत नाही. काश्मीरच्या आठवणीला खरा धक्का दिला तो शाळेच्या सुट्ट्यांनी. काश्मीरच्या खोऱ्यात हिवाळ्याचा कडाका, म्हणजे ‘चिल्लई कलान’, २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस असतो. महाराष्ट्रातील शिक्षकाला लांबची मोकळीक मिळते ती दिवाळीत किंवा उन्हाळ्यात, आणि मे महिन्यात खोऱ्यातील खेड्यांत असा बर्फ नसतो. हे ऐकल्यावर चिरंजीवांनी स्वतःच सांगितले की आई नेहमी ‘मेच्या सुट्टीत’ असेच म्हणायची. याचा अर्थ मास्तर काश्मीरला गेले नव्हते असा होत नाही. सोनमर्ग किंवा गुलमर्गच्या उंचीवर मेमध्येही बर्फाचे पट्टे उरलेले असतात, ते त्यांनी पाहिले असतील. मात्र हे खेडे त्यांनी त्या प्रवासात समोर बसून रंगवले, हे म्हणणे टिकणे कठीण झाले.

आणि चाकोऱ्यांमधले ठिपके. हा मुद्दा नातीच्या सासऱ्यांनी काढला. ते शेतकरी आहेत, चित्रकलेशी त्यांचा संबंध नाही. एका घोड्याची गाडी गेली तर जनावराचे पाय दोन चाकांच्या मधोमध उमटतात. बैलजोडी धुऱ्याच्या दोन्ही अंगांना चालते, त्यामुळे खुरांच्या दोन ओळी पडतात आणि मधला पट्टा कोरा राहतो, असे ते म्हणाले. चित्रात तसेच आहे. ज्याने कच्च्या वाटेवर बैलगाड्या पाहिल्या आहेत, त्याच्या हाताने हे ठिपके टाकलेले असावेत. जोड-घोड्यांची गाडीही तशाच दोन ओळी सोडते, म्हणून पुरावा या नात्याने ते अपुरे आहेत. तरीही पुस्तकी वादात इतक्या वेळाने प्रथमच कोणीतरी कागदाकडे पाहिले होते.

फ्रेम उघडण्याचा निर्णय

पुढचा निर्णय फ्रेम उघडण्याचा होता, आणि तो सर्वांत जोखमीचा होता. जुन्या फ्रेममध्ये चित्र काचेला चिकटलेले असू शकते, आणि जोर लावला तर कागदाचा पापुद्रा काचेवरच राहतो. चिरंजीवांचा विरोध होता. चांगले टांगलेले चित्र कशासाठी छेडायचे, असे त्यांचे म्हणणे. शेवटी माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, कडेने कागदावर पसरत चाललेली तपकिरी रेषा त्यांना दाखवल्यावर ते तयार झाले. स्वस्त पुठ्ठ्यातील आम्ल कागदाला अशी रेषा पाडते आणि ती आपोआप थांबत नाही, तेव्हा चित्र जपायचे असेल तर माउंट कधी ना कधी बदलावाच लागणार होता. अर्थ शोधायचा म्हणून त्यांनी परवानगी दिली नसती. चित्र टिकावे म्हणून दिली, आणि ते कारण खरेही होते.

मंगळवार पेठेतील एका अनुभवी फ्रेमवाल्यांनी काम केले. मागची बाजू आधी तशीच छायाचित्रित करून मग गंजलेले बारीक खिळे एकेक करून काढले. प्लायवूडखाली वर्तमानपत्राचा तुकडा निघाला. त्यावर गुळाचे भाव होते, तारीख कापलेली होती. ती असती तरी तिने फ्रेम कधी बसवली हे सांगितले असते, चित्र कधी काढले हे नव्हे.

कागद काचेला चिकटलेला नव्हता. माउंट उचलल्यावर चारही कडांना, समान अंतरावर, पेन्सिलीच्या बारीक खुणा दिसल्या. मूळ प्रतिमेवर आणि कागदावर सारख्याच संख्येच्या चौकटी पाडून चित्र मोठे करण्याची ही रीत कोल्हापूरला सवयीची आहे. फलक रंगवणाऱ्यांपासून शाळेच्या वर्गापर्यंत सगळे ती वापरतात. म्हणजे हे चित्र दुसऱ्या कुठल्या तरी प्रतिमेवरून कागदावर आणलेले आहे, एवढे निश्चित झाले. ती प्रतिमा छापील होती, छायाचित्र होते की मास्तरांचेच छोटे रेखाटन, हे खुणा सांगत नाहीत. कागदाच्या पाठीवर रंग चाचपून पाहिलेले फटकारे आणि अर्धवट सोडलेले घाटाचे रेखाटन होते, म्हणून हा कागद कोल्हापुरात हाताळलेला होता हेही कळले.

गुजरीतील एका सराफांकडून नोटा तपासायचा जांभळा दिवा मागून आणला आणि अंधाऱ्या खोलीत कागद त्याखाली धरला. साधारण १९५० नंतर पुष्कळ कागदांत शुभ्रता वाढवणारी द्रव्ये घातली जाऊ लागली, आणि असा कागद या दिव्याखाली निळसर उजळतो. हा उजळला नाही. तेवढ्यावरून कागद जुना ठरत नाही, कारण चांगला सुती कागद नंतरही या द्रव्यांशिवाय बनत राहिला आहे. काळाविषयी लेबलावर काही लिहायचे नाही, हे येथे ठरले.

माउंटखालची पट्टी

ज्या गोष्टीने सगळे वाचन बदलले, ती कोणी शोधत नव्हते. माउंटच्या खिडकीआड चित्राची कडेची काही मिलिमीटर पट्टी इतकी वर्षे उजेडापासून झाकलेली राहिली होती. त्या पट्टीतील आकाश करडे नव्हते. वरच्या बाजूला ते जांभळट होते, आणि झाडांच्या रांगेकडे उतरताना स्वच्छ गुलाबी होत गेले होते. बर्फावरच्या सावल्यांचा जो भाग पट्टीत आला होता, तोही निळसर जांभळा होता. खिडकीच्या रेषेवर हा रंग अचानक संपत होता आणि करडेपणा सुरू होत होता.

जलरंगांतील काही लाल उजेडात टिकत नाहीत. ॲलिझरिन क्रिमसन हा त्यांतला सर्वपरिचित, आणि त्याहून जुना कार्माइन त्याच्याही पुढे. निळ्यात असा लाल मिसळून जांभळा केला की वर्षांनुवर्षांच्या उजेडाने लाल उडतो आणि मागे राखाडी निळा उरतो. रंगद्रव्याची रासायनिक तपासणी केलेली नाही, म्हणून लाल नेमका कोणता हे लिहिलेले नाही. तो उडाला आहे, हे मात्र पट्टी आणि चित्र शेजारी ठेवले की कोणालाही दिसते. बैठकीच्या समोरची ती भिंत दारातून येणाऱ्या उन्हाच्या वाटेवर होती.

याचे परिणाम एकामागोमाग एक झाले. आकाश गुलाबी असेल तर सूर्य क्षितिजाशी आहे, आणि सूर्य क्षितिजाशी असेल तर सावल्या कुठल्याही अक्षांशावर लांबच पडतात. खांबाच्या चौपट सावलीवर उभा केलेला इंग्लंडचा दावा तिथेच संपला, आणि ज्येष्ठ चित्रकारांनी तो मोकळेपणाने मागे घेतला. भारा घेऊन निघालेली बाई, पेटलेली चूल आणि सरळ वर जाणारा धूर हे सगळे एका वेळेचे झाले. दिवस मावळताना बाई घराकडे परतते आहे, असे ते दृश्य आता वाचता येते. पहाटही असू शकते; पण पहाटे सरपण घेऊन घराकडे चालणे कमी संभवते, असे मत पडले. उतारवयातील एकटेपणाचे नातीचे टिपण तर बरेचसे उडून गेलेल्या रंगावरच आधारलेले होते. तिने ते मागे घेतले नाही, दुसरे लिहिले. ज्या आकाशाकडे पाहत ती लहानाची मोठी झाली, ते आबांनी रंगवलेले आकाश नव्हते, आणि तरीही ते तिच्यासाठी खरे होते, असे त्यात आहे. पुस्तिकेत दुसरे टिपण छापले गेले आणि ते पहिल्यापेक्षा सरस आहे.

लेबल आणि मांडणी

माउंटची खिडकी थोडी मोठी कापून गुलाबी पट्टी उघडी ठेवावी, अशी चिरंजीवांची आता इच्छा होती. दोन्ही चित्रकारांनी विरोध केला : चित्राची कड कुठे थांबावी हे मास्तरांनी ठरवले आहे, आणि उघडी राहिलेली पट्टीही काही वर्षांत करडी होईल. दुसरे कारण निर्णायक ठरले. पट्टीचे मोठे छायाचित्र शेजारी लावायचे, आणि चित्र आम्लविरहित माउंटमध्ये पूर्वीच्याच मापाने बसवायचे, असे ठरले. जलरंगांसाठी संग्रहालये उजेडाची साधारण ५० लक्सची (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) मर्यादा पाळतात. दालनातील दिवे तेवढे मंद करता येत नव्हते, म्हणून चित्राला आतली भिंत दिली आणि त्यावरचा झोतदिवा बंद ठेवला.

लेबल असे लिहिले : “बर्फातील खेडे. कागदावर जलरंग. स्थळ व काळ निश्चित नाही. चौकटी आखून कागदावर उतरवलेले. आकाशातील गुलाबी व जांभळ्या छटा उजेडाने उडाल्या आहेत. मूळ रंग शेजारच्या छायाचित्रात दिसतील. मास्तरांनी काश्मीर पाहिले होते, अशी कुटुंबातील आठवण आहे.” शेवटच्या वाक्यावर बराच खल झाला. ते गाळावे असे धाकट्या चित्रकारांचे मत होते. प्रस्तुत लेखकाच्या मते ती आठवणही या चित्राबरोबर इतकी वर्षे त्याच भिंतीवर राहिली आहे, आणि ‘आठवण आहे’ असे म्हणून ती सांगण्यात काही खोटे नाही. चिरंजीवांनी लेबल दोनदा वाचले आणि “चालेल” म्हणाले.

निष्पत्ती

प्रदर्शनात लोक या चित्रापुढे घाटाच्या चित्रांपेक्षा जास्त वेळ थांबत होते, आणि बहुतेक जण आधी छायाचित्र, मग चित्र, मग पुन्हा छायाचित्र असे पाहत होते. सर्वांत उपयोगी शेरा मात्र चित्रकलेच्या बाहेरून आला. शिरोळ तालुक्यातील एक निवृत्त जवान नातवाला घेऊन आले होते; नोकरीतले काही हिवाळे त्यांनी द्रासच्या बाजूला काढले होते. ते म्हणाले की घरात चूल पेटलेली असली की छपरावरचा बर्फ खालून वितळतो आणि वळचणीला त्याच्या सुया लोंबतात. इथे धूर आहे, जाड बर्फ आहे, पण वळचण कोरी आहे. शिवाय बाईच्या मागे पावलांच्या खुणा नाहीत. चाकोऱ्या दाखवणारा माणूस पावले विसरला, हे त्यांना विशेष वाटले. सुया नसणे हवेवर आणि छपरावरही अवलंबून असते, पण पावलांच्या मुद्द्याला गटात कोणाकडेच उत्तर नव्हते. बाई मूळ प्रतिमेत नसावी, मास्तरांनी ती मागाहून स्वतःच्या मनाने घातली असावी, असा एक तर्क त्यातून निघाला. तिच्या मानेचा तो नेमका ताठपणा पाहता प्रस्तुत लेखकाला हा तर्क पटतो. लेबलावर तो गेला नाही. नोंदींच्या फाइलमध्ये आहे.

वेगळे काय करता आले असते

बर्फाविषयीच्या चर्चेत सहभागी असलेल्यांपैकी कोणीही बर्फात राहिलेले नव्हते. सैनिक टाकळीसारखी, फौजेत जवान पाठवणारी गावे ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे बर्फ पाहिलेली माणसे शोधावी लागत नाहीत; त्यांना प्रदर्शनाआधी बोलावता आले असते. बैलांच्या खुरांची बाबही योगायोगानेच, चहा घेताना पुढे आली. चित्रातील वस्तू रोज हाताळणाऱ्यांना चित्र दाखवणे हे कामाच्या यादीतच असायला हवे होते.

क्रमही बदलता आला असता. माउंट बदलायचाच होता, तर तो पहिल्या बैठकीआधी बदलला असता आणि सावल्यांवर खर्च झालेली संध्याकाळ वाचली असती. कुटुंबाला ‘कुठे काढले?’ असे विचारण्याऐवजी ‘आजी नेमके काय सांगायच्या?’ असे विचारले असते, तर मे महिना पहिल्याच दिवशी समजला असता. ‘नक्कल’ हा शब्द न उच्चारताही जो कडवटपणा आला, तो टाळण्यासाठी चौकटीच्या रीतीविषयी आधी बोलणे पुरेसे होते. मास्तरांनी हीच रीत वर्गात शिकवली होती, आणि तिच्यात कमीपणा आहे असे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एकालाही वाटत नाही.

घरातील आणखी दोन चित्रे तशाच पुठ्ठ्याच्या माउंटमध्ये आहेत. दोन्हींत रंकाळ्यावरचे आकाश करडे दिसते. चिरंजीवांनी ती पावसाळ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर, उघडायला सांगितली आहेत.